बाईकसाठी टॉर्क पाना निवडताना: पुण्यातल्या पार्किंग-मेकॅनिकसाठी

टॉर्क पाना म्हणजे बोल्ट किती जोराने पिळला जातोय (हा जोर म्हणजे टॉर्क, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) हे सांगणारा पाना. नाना पेठेत किंवा बोहरी आळीत जाऊन "टॉर्क रेंच दाखवा" म्हटलं की दुकानदार बहुधा अर्धा इंची चौकोनाचा (सॉकेट ज्यावर बसतो तो खुंट), हातभर लांब, ४० ते २१० न्यूटन-मीटरचा पाना काउंटरवर ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक चारचाकीवालं असतं आणि त्याला चाकांचे नट आवळायचे असतात. बाईकवर मात्र या पान्याला दोन-तीनच कामं आहेत: मागचा एक्सल, पुढचा एक्सल, फार तर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) नट. घरी काम करताना ज्या बोल्टांचे आटे मरतात, म्हणजे ऑइलचा ड्रेन बोल्ट, क्लच कव्हरचे बोल्ट, स्पार्क प्लग, हँडलचे क्लॅम्प, ते सगळे या पान्याच्या रेंजच्या खाली राहतात. पैसे खर्च होतात आणि बोल्ट पूर्वीसारखेच अंदाजाने आवळले जातात.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानापासून करू नका, आपल्या गाडीच्या बोल्टांपासून करा.

आधी गाडीची यादी

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शेवटी किंवा प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला टॉर्कचा तक्ता असतो. ओनर्स मॅन्युअलमध्ये तो क्वचितच पूर्ण असतो, पण ड्रेन बोल्ट, स्पार्क प्लग आणि एक्सल इतकं तरी बऱ्याचदा सापडतं. कागद घ्या आणि घरी तुम्ही खरोखर जी कामं करता तेवढेच बोल्ट लिहा. इंजिन उतरवणार नसाल तर हेड बोल्टचा आकडा लिहून उपयोग नाही.

सर्वसाधारण अंदाज असा. ६ मिमीच्या बोल्टला १० ते १२ न्यूटन-मीटर, ८ मिमीला २२ ते २७, १० मिमीला ३४ ते ३९. स्पार्क प्लगच्या आट्यांचा व्यास १० मिमी असेल तर १० ते १२, १२ मिमी असेल तर १५ ते २०. मागचा एक्सल गाडीप्रमाणे ६० ते ११०, आणि काही स्कूटरचा मागच्या चाकाचा नट शंभरच्या वर जातो. हे आकडे कोणता पाना घ्यायचा हे ठरवण्यापुरते आहेत. बोल्ट आवळताना मॅन्युअलचाच आकडा घ्यायचा.

इथे एक घोळ नेहमी होतो. गॅरेजमध्ये "दहाचा बोल्ट" म्हणतात तो दहा नंबरचा पाना लागणारा बोल्ट असतो. त्याच्या आट्यांचा व्यास सहसा ६ मिमी असतो. तक्त्यातला १० मिमीचा आकडा वाचून तो बोल्ट ३९ला आवळायला गेलात तर डोकं हातात येईल आणि दांडा कव्हरमध्ये राहील. बाराच्या पान्याचा बोल्ट बहुधा ८ मिमीचा, चौदाच्या पान्याचा १० मिमीचा. शंका असेल तर बोल्ट बाहेर काढून आट्यांवर व्हर्नियर लावा.

दुसरा घोळ एककांचा. जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला ९.८१ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. बाजारातल्या अनेक पान्यांवर एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड कोरलेले असतात. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. म्हणजे चुकीच्या बाजूचा आकडा वाचला की बोल्ट ३६ टक्के जास्त आवळला जातो, आणि ६ मिमीच्या बोल्टला तेवढं पुरतं. पाना घरी आला की नको असलेल्या पट्टीवर इन्सुलेशन टेप चिकटवून टाका.

ड्रेन बोल्टचं एवढं काय

१२ मिमीच्या पोलादी बोल्टचा सर्वसाधारण टॉर्क ५४च्या आसपास असतो. पण बऱ्याच गाड्यांचा ड्रेन बोल्ट १२ मिमीचा असूनही मॅन्युअल त्याला २४ ते ३० इतकाच टॉर्क देतं. कारण बोल्ट पोलादाचा आहे आणि तो ज्यात बसतो ते क्रँककेस ॲल्युमिनियमचं. जास्त पिळलं तर बोल्टला काही होत नाही, आतले आटे ओढले जातात. ते एका दमात तुटत नाहीत. या ऑइल बदलाला थोडे, पुढच्याला थोडे, असं करत एक दिवस बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहतो आणि हाताला "लोण्यात फिरल्यासारखं" लागतं. मग लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा बुश बसवून घेणं आलं. तेल गळेल या भीतीने जोर लावणारे लोक विसरतात की तेल अडवण्याचं काम आट्यांचं नसून वायसरचं आहे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवीन टाकला तर २५वर आवळलेला बोल्टही गळत नाही.

टॉर्कच्या आकड्याचा खरा हेतूही इथेच कळतो. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. बोल्ट किंचित लांबतो आणि दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. तो ताण सरळ मोजता येत नाही म्हणून आपण फिरवायला लागणारा जोर मोजतो. या जोराचा जवळपास निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि ताण निर्माण करायला उरतो साधारण दहावा हिस्सा. त्यामुळे आट्यांना तेल लागलेलं असेल तर त्याच आकड्याला ताण बराच जास्त येतो, आणि गंज किंवा माती असेल तर कमी येतो. मॅन्युअलमध्ये "तेल लावून" असं लिहिलं नसेल तर आटे कोरडे आणि स्वच्छ असायला हवेत. ताम्हिणीतून पावसात भिजून आलेल्या गाडीच्या बोल्टांना वायर ब्रश न मारता टॉर्क पाना लावणं म्हणजे पाना घेण्याचे पैसे वाया घालवणं.

कोणत्या मापाचा

टॉर्क पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार क्लिक पान्याची (ठरलेल्या जोराला टक् करणाऱ्या पान्याची) चूक १० न्यूटन-मीटरच्या वर ±४ टक्के आणि १०पर्यंत ±६ टक्के चालते. हे वचन पान्याच्या कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून पुढे धरायचं. म्हणजे २००च्या पान्यावर ४०च्या खालचा भाग दुकानदाराने कितीही सांगितलं तरी भरवशाचा नाही. पट्टीवर २८ कोरलेलं असलं तरीही.

आता आपली यादी आणि हा नियम शेजारी ठेवून बघा. १२ ते ४५मधली कामं सगळ्यात जास्त निघतील. त्यासाठी पाऊण हाताचा, तीन सूत (३/८ इंच) चौकोनाचा, १० ते ५० किंवा १० ते ६०चा पाना घ्या. माझ्या मते बाईकवाल्याचा पहिला पाना हाच. ड्रेन बोल्ट, कॅलिपर, हँडल क्लॅम्प, फूटपेग ब्रॅकेट, १२ मिमीचा प्लग, सगळं यात येतं. ६ मिमीचे बोल्ट याच्या तळाशी येतात, तिथे तो थोडा डगमगतो. क्लच कव्हर किंवा टॅपेट कव्हर नेहमी उघडत असाल तर पाव इंची, ५ ते २५चा वेगळा घ्या. हाताच्या बोटांनी धरता येईल एवढा छोटा असतो आणि त्याच्यामुळे आपोआपच जोर कमी लागतो.

अर्ध्या इंचीचा मोठा पाना शेवटी घ्या. चेनवाल्या गाडीचा मागचा एक्सल चेन ताणताना दर वेळी सैल करावा लागतो, त्यामुळे तो कधीतरी लागेलच. पण तो सोसायटीतल्या कुणा गाडीवाल्याकडे असतोच, तोवर मागून आणा. एकाच पान्यात दोन्ही भागतं म्हणून २० ते ११०चा तीन सूत घेणारेही आहेत. वाईट नाही, पण ६ मिमीचे बोल्ट, म्हणजे गाडीवरचे सर्वांत जास्त बोल्ट, हातातून सुटतात.

क्लिक, काटा, की डिजिटल

क्लिक पाना सगळ्यांना ठाऊक आहे. मूठ फिरवून आकडा लावायचा, ठरलेल्या जोराला आतून "टक्" होतं आणि हाताला झटका कळतो. गाडीखाली आडवं पडून, आकडा न बघता काम करता येतं, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा की आत स्प्रिंग आहे, ती थकते, आणि थकली हे बाहेरून समजत नाही.

काट्याचा म्हणजे बीम पाना अगदी साधा. एक दांडा वाकतो, दुसरा काटा सरळ राहतो, पट्टीवर आकडा दिसतो. यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. काटा शून्यावर नसेल तर हलकेच वाकवून आणायचा. स्वस्त असूनही तो वर्षानुवर्षं खरं बोलतो, आणि लोकांना मात्र तो जुनाट वाटतो. अडचण एकच. आकडा समोरून, सरळ बघावा लागतो. तिरकं पाहिलं की दोन-तीन न्यूटन-मीटरचा फरक सहज पडतो, आणि इंजिनच्या खाली समोरून बघायला डोकं कुठे घालणार? एक्सलसाठी मात्र तो उत्तम. मागच्या एक्सलला अर्ध्या इंची बीम पाना घेणाऱ्याला मी कधी नको म्हणणार नाही.

डिजिटल चांगला असतो, पण आपल्या वापराला जरुरीचा नाही. घ्यायचाच असेल तर अचूकता कशाच्या टक्क्यात दिली आहे ते नीट वाचा. "±२ टक्के, पूर्ण मापाच्या" असं २००च्या पान्यावर लिहिलं असेल तर चूक कुठेही ४ न्यूटन-मीटर. २०चा बोल्ट आवळताना ती २० टक्के झाली. "वाचनाच्या टक्क्यात" असं लिहिलेलाच घ्या. आणि पावसाळ्यात बॅटरी काढून ठेवा.

दुकानात काय बघायचं

बोहरी आळीत रविवार पेठेच्या गर्दीत उभं राहून निवांत तपासणी होत नाही, तरी एवढं करा. मूठ फिरवून एखादा मधला आकडा लावा, लॉक करा आणि मूठ जोराने हलवून बघा. आकडा सरकला तर पाना परत. पट्टीवरच्या रेघा आणि आकडे कोरलेले असावेत, छापलेले नकोत. पेट्रोलचा हात लागला की छपाई जाते. रॅचेटचे (एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी डोक्याचे) दात विचारा. २४ दातांचा असेल तर प्रत्येक वेळी किमान १५ अंश फिरवायला जागा लागते, ७२ दातांचा ५ अंशांत पुढे सरकतो. फ्रेम आणि फूटपेगच्या मध्ये हा फरक जाणवतो. खोक्यात त्या पान्याच्या क्रमांकासह कॅलिब्रेशनचा (प्रमाणित मापाशी पडताळणीचा) कागद असेल आणि त्यावर प्रत्यक्ष मोजलेली वाचनं असतील तर उत्तम. मानकाप्रमाणे ती कमाल मापाच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर घेतलेली असतात. नुसतं "ओके" असा शिक्का असलेल्या कागदाला फारशी किंमत नाही.

नॉरबार, टोहनिची वगैरे नावं कारखान्यांतली आहेत. परवडत असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर मधल्या किमतीतला, बदली स्प्रिंग आणि रॅचेट किट मिळणारा पाना पुरतो.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भारी कंपन्यांचे पाने मातीमोल भावात पडलेले दिसतात. बीम पाना असेल, काटा सरळ असेल, तर बिनधास्त उचला. क्लिक पाना तिथून घेऊ नका. आधीच्या मालकाने तो पूर्ण पिळलेल्या अवस्थेत किती वर्षं टाकून ठेवला होता, त्याने किती गंजलेले नट उघडले, हे कोणाला माहीत? घ्यायचा मोह आवरत नसेल तर कॅलिब्रेशनचा खर्च किमतीत धरून मगच घासाघीस करा.

घरी तपासणी

नवीन असो वा जुना, क्लिक पाना घरच्या घरी ढोबळ तपासता येतो. लागतं काय? बाकशिकंजा (बेंच व्हाइस), दोरी, बादली, पाणी आणि सामान मोजायचा हुकाचा काटा.

पान्याचा चौकोन शिकंजात घट्ट पकडा, असा की पाना जमिनीला समांतर राहील आणि दांडा आवळायच्या दिशेने खाली जाईल. जबड्यात तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घाला, चौकोनाला व्रण नकोत. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मधल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ३० सेंटिमीटर आहे. पाना ३०वर लावा आणि त्या खुणेवर दोरीने बादली टांगा. खाली स्टूल ठेवा, दोन बोटांचं अंतर राखून, म्हणजे टक् झाल्यावर बादली आपटणार नाही. आता तांब्याने सावकाश पाणी ओतत जा. घाईने ओतलं की पाण्याचा मारा मोजणीत मिसळतो. टक् झालं की थांबा आणि बादली दोरीसकट तोला.

हिशोब: किलो × ९.८१ × मीटरमधलं अंतर. त्यात पान्याच्या स्वतःच्या वजनाचा वाटा मिळवा. त्यासाठी पाना एका बोटावर तोलून तोल कुठे सांभाळतो ते बघा. पाना ०.८ किलोचा आणि तोलबिंदू चौकोनापासून १६ सेंटिमीटरवर असेल तर तो वाटा सुमारे १.३ न्यूटन-मीटर. म्हणजे अचूक पान्याला बादली ९.८ किलोच्या आसपास टक् करेल, आणि ±४ टक्क्यांत बसायला ९.४ ते १०.२. असं तीन-चार वेळा करा. दर वेळी वेगळं उत्तर आलं तर पाना नापास, मग त्याची सरासरी कितीही बरोबर येवो. दर वेळी सारखंच, पण सहा टक्के जास्त आलं, तर तो सुधारता येतो.

खरी कॅलिब्रेशन हवी असेल तर भोसरी-चिंचवड पट्ट्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत. त्या कारखान्यांसाठी काम करतात, तरी एखादा पाना घेतात. आधी फोन करून दर आणि वेळ विचारा, आणि समायोजन करण्याआधीची वाचनंही कागदावर मागा. आयएसओच्या सल्ल्याने ५,००० वेळा वापर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा तपासणी. घरगुती वापराला ५,००० कधीच होत नाहीत, त्यामुळे वर्षातून एकदा बादलीची तपासणी, आणि पाना हातातून पडला तर लगेच, एवढं पुष्कळ.

वापरताना

पाना महिनाभर पडून असेल तर आधी एखाद्या आवळलेल्या मोठ्या बोल्टवर मधल्या आकड्याला पाच-सहा वेळा टक् करून घ्या. आतलं ग्रीस पसरतं, नाहीतर पहिला आकडा जास्त येतो.

बोल्ट आधी हाताने, मग साध्या पान्याने टेकेपर्यंत बसवा. टॉर्क पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्यापुरता. मुठीच्या मध्यावरच धरा, पाइप घालून लांबवू नका, आणि एकसारखा, सावकाश ओढा. १०-१२ला होणारं टक् फार हलकं असतं, शेजारी कोणाची बुलेट चालू असेल तर कानाला कळत नाही. हाताने ओळखायची सवय लागते. एकदा टक् झालं की थांबा. "खात्रीसाठी अजून एकदा" म्हणजे बोल्ट थोडा जास्त आवळणंच. आधीच आवळलेला बोल्ट तपासायचा असेल तर तो अर्धा फेरा सैल करून परत आवळा, नाहीतर जाम झालेल्या बोल्टवर टक् ऐकू येतं आणि ताण कमीच असतो.

कव्हरवर अनेक बोल्ट असतील तर तिरक्या क्रमाने, दोन टप्प्यांत. आधी निम्म्या टॉर्कला सगळे, मग पूर्ण.

सॉकेटच्या वर सरळ एक्स्टेंशन लावल्याने आकडा बदलत नाही. पान्याच्या टोकाला पुढे जाणारा क्रोफूट (उघड्या तोंडाचा जोड) लावला तर बदलतो, कारण लांबी वाढते. तो काटकोनात लावा, म्हणजे हिशोब जवळपास तोच राहतो.

नट उघडण्यासाठी टॉर्क पाना कधीही वापरू नका. टी-पाना, ब्रेकर बार, लांब रिंग पाना, काहीही घ्या, पण हा नाही. गंजलेला एक्सल नट मागे फिरवताना तो २००च्या पान्यालाही मापाच्या पलीकडे ताणू शकतो. काम झालं की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून खोक्यात ठेवा. त्या आकड्याच्याही खाली सैल करू नका, आतले भाग जागेवरून सरकतात. पाऊस चालू असताना पार्किंगमधल्या दमटपणात उघडा ठेवलात तर रॅचेट आधी गंजतं, म्हणून खोक्यात सिलिका जेलची एक पुडी टाका.

आणि गाडीवरचा प्रत्येक स्क्रू टॉर्कने आवळायचा नसतो. प्लास्टिकच्या पॅनलचे स्क्रू, इंडिकेटरचे नट, सीटखालच्या क्लिपा, हे बोटांच्या जोराने बसवले तरी चालतात. टॉर्क पाना काढा तो ब्रेक, चाक, स्टिअरिंग आणि ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक बोल्टसाठी. यादी पुन्हा बघितली तर दिसेल की त्यातली निम्मी कामं तीन सूताच्या त्या छोट्या पान्यातच भागतात, आणि मोठ्याला अजून बराच वेळ दुकानातच राहू देता येतं.